शपथ आणि नास्तिकाची साक्ष

न्यायालयात साक्षीदार पिंजऱ्यात येऊन उभा राहिला म्हणजे प्रथम त्यास शपथ देण्यात येते. अर्धे मिनिटही न लागणारा हा विधी होय. कारकून ठरीव वाक्य भरभर म्हणतो, साक्षीदार ते पुटपुटतो. वकील आपापले कागद चाळीत असतात आणि न्यायाधीश भिंतीवरील घड्याळाकडे पाहत असतात. या अर्ध्या मिनिटाच्या विधीसाठी कित्येक धर्मभीरू माणसे तुरुंगात गेली, आणि लोकांनी निवडून दिलेल्या एका प्रतिनिधीस पोलिसांकरवी सभागृहाबाहेर ओढून काढण्यात आले, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसते. आत्मा मरणोत्तर उरतो काय, त्याच्या कर्माचा झाडा कोणी घेतो काय, आणि हे काहीच न मानणाऱ्या मनुष्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा काय, हे प्रश्न मठात आणि विद्यापीठात चर्चिले गेले खरे. परंतु ते खऱ्या निकराने लढले गेले ते इंग्लंडच्या न्यायालयांत आणि पार्लमेंटात. ती लढाई सुमारे पावणेतीनशे वर्षे चालली, आणि तिच्या ऐन मध्यावर कलकत्त्याच्या एका हिंदू सावकाराचा दावा उभा आहे. आमच्या व्यवसायातील मंडळींस तो दावा पुस्तकातून ठाऊक असतो. देवस्थानांशी निगडित अशा आमच्या वाचकांसही तो ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम आपले घर पाहू. देवाची आण घेणे ही आपल्याकडे काही केवळ बोलण्याची रीत नव्हती. देवळाच्या पायरीवर उभे राहून, बेलभंडारा उचलून जो शब्द दिला जाई, तो कागदाहून बळकट समजला जाई. कोकणात आणि गोमंतकात शेताच्या मेरेवरून वा वाटणीवरून भाऊबंदांत वाद पडला, तर तो देवापुढे नेऊन कौल लावण्याची वहिवाट होती, आणि कित्येक ठिकाणी ती अद्यापि आहे. मराठेशाहीत गोतसभेपुढे कागद आणि साक्षी या दोहोंनीही निर्णय होईना, तर दिव्याचा अवलंब करीत. उकळत्या तेलातून वा तुपातून धातूचा रवा काढणारा हात भाजला की नाही, यावर वतनाचा निवाडा होई. याज्ञवल्क्याने दिव्याचे स्थान असेच लेख आणि साक्षी यांच्या अभावी सांगितले आहे. खोटी साक्ष देणाऱ्याचे पितर त्याच्या एका शब्दासाठी अधांतरी लोंबकळत असतात, अशा अर्थाची ताकीद साक्षीदारास द्यावी, असेही स्मृतिकार सांगतात. सारांश, साक्षीदाराच्या जिभेवर पहारा बसवायचा तो परलोकाच्या भयाचा, ही कल्पना आपल्यास परकी नाही.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकली पाहिजे, नाहीतर पुढील हकीकत वाचताना आपल्या मनात उगाच मोठेपणा शिरेल. कोणाची साक्ष घेऊ नये याची जी यादी याज्ञवल्क्याने दिली आहे, तीत जुगारी, वेडा, खोटे दस्तऐवज करणारा यांच्या पंक्तीस पाखंडीही बसविला आहे. म्हणजे श्रद्धेवरून साक्षीची पारख करण्याचा दोष एकट्या ख्रिस्ती न्यायाधीशांच्या माथी मारता येणार नाही.

आता इंग्लंडकडे वळू. सर एडवर्ड कोक हा इंग्लिश कायद्याचा केवढा मोठा भाष्यकार! १६०८ मध्ये स्कॉटलंडात जन्मलेल्या काल्विन नावाच्या एका बालकाच्या हक्काविषयी जो खटला गाजला, त्याच्या निर्णयात कोकने जाता जाता असे लिहून ठेवले की, ख्रिस्तेतर लोक हे राज्याचे कायमचे शत्रू होत. ते सैतानाचे प्रजाजन असल्यामुळे त्यांच्यात आणि ख्रिस्ती लोकांत अखंड वैर आहे. पुढे १६२८ च्या आपल्या सुप्रसिद्ध भाष्यात त्याने ख्रिस्तेतर मनुष्य साक्षीदार होऊ शकत नाही, हेही नोंदून टाकले. त्यामागची विचारसरणी उघड होती. शपथ ही बायबलावर हात ठेवून घ्यायची. तिचे बळ ख्रिस्ताने सांगितलेल्या अंतिम न्यायात. ज्याचा त्या न्यायावर विश्वास नाही त्याच्या शपथेत बळ कोठून यावे?

कोकचे वाक्य ग्रंथात होते. त्याच समजुतीचे प्रत्यक्ष राज्य कसे चालते, हे त्याच्या आधी अर्धशतकापासून गोमंतक पाहत होते. बाप्तिस्म्यावाचून आत्म्यास तरणोपाय नाही, हे एकदा राजाने खरे मानले म्हणजे पोरक्या हिंदू मुलाचा आत्मा वाचविणे हे राजाचे कर्तव्य ठरते. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने तसा कायदाच केला. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायपीठ आले, ते मध्यंतरीची चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत टिकले. सासष्टी-बारदेशातील देवळे पडली, आणि मंगेश, शांतादुर्गा आदी दैवते आपल्या महाजनांसह अंत्रुजात आली. हा इतिहास आमच्या वाचकांच्या घराघरांत आहे. त्याची पुनरुक्ती करण्याचे हे स्थळ नव्हे. ध्यानात एवढेच घ्यावयाचे की, दुसऱ्याच्या आत्म्याविषयी राज्याने मत बनविले म्हणजे ते मत ग्रंथात कधीच थांबत नाही.

परंतु ख्रिस्ती लोकांचे या बाबतीत एकमत होते, असेही कोणी समजू नये. शपथेविरुद्ध इंग्लंडात पहिले बंड झाले ते ख्रिस्ती श्रद्धाळूंचेच. डोंगरावरील प्रवचनात ख्रिस्ताने शपथ वाहण्यास मनाई केली आहे. तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असावे, एवढाच त्या उपदेशाचा भाव. क्वेकर पंथाच्या लोकांनी तो उपदेश अक्षरशः पाळायचा ठरविला. त्यांचा गुरू जॉर्ज फॉक्स याला १६६४ मध्ये लँकेस्टरच्या न्यायालयात राजनिष्ठेची शपथ घेण्यासाठी बायबल हाती देण्यात आले, तेव्हा त्याने न्यायाधीशांस असे बजावले की, ज्या पुस्तकावर तुम्ही मला शपथ घ्यावयास सांगता तेच पुस्तक मला शपथ घेऊ नको म्हणते. न्यायाधीशांना उत्तर सुचले नाही. त्यांनी त्याला तुरुंग दिला. पुढे तीसएक वर्षांनी, १६९६ च्या सुमारास, पार्लमेंटने क्वेकरांना शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देण्याची मुभा दिली. तीही फौजदारी खटले वगळून. फौजदारी खटल्यातही त्यांचा साधा शब्द चालेल, हे मान्य होण्यास १८२८ साल उजाडावे लागले. आम्हांस या प्रसंगात मोठा विनोद दिसतो. ख्रिस्ताच्या अनुयायांच्या न्यायालयात, ख्रिस्ताची आज्ञा पाळणाऱ्याचीच साक्ष तब्बल दीडशे वर्षांवर अपुरी समजली गेली!

आता तो दावा. प्लासीच्या कारस्थानात पुढे ज्याचे नाव गाजले तो कलकत्त्याचा धनाढ्य सावकार अमीचंद, तोच या दाव्यातील वादी, असे सामान्यतः मानले जाते. बार्कर नावाच्या इंग्रजाशी त्याचा व्यवहार होता. पैसे येणे राहिले. बार्कर हिंदुस्थान सोडून निघाला आणि मरण पावला. अमीचंदाने लंडनच्या चान्सरी न्यायालयात बार्करच्या मुलावर दावा लावला. साक्षीदार सारे बंगाल्यात आणि ते हिंदू. म्हणून न्यायालयाने कलकत्त्यास आयोग पाठवून त्यांच्या जबान्या घेतल्या. शपथ कशी दिली, त्याचा दाखला आयोगाने पाठविला, तो मोठा वाचनीय आहे. शपथेचा अर्थ प्रत्येक साक्षीदारास दुभाष्याकरवी समजावून दिला. मग त्याने ब्राह्मणाच्या पायास हात लावला. साक्षीदारांपैकी दोघे स्वतःच ब्राह्मण असल्याने त्यांनी पायाऐवजी हातास स्पर्श केला. आणि हिंदूंत शपथ घेण्याची हीच नेहमीची व सर्वांत गंभीर रीत होय, असे आयोगाने प्रमाणित केले.

१७४४ मध्ये हा प्रश्न लॉर्ड चान्सेलर हार्डविक यांच्यापुढे आला. प्रश्नाचे महत्त्व ओळखून त्यांनी मुख्य न्यायाधीश ली, मुख्य न्यायाधीश विल्स आणि पार्कर यांस सोबत घेतले. प्रतिवादीच्या बाजूने कोकचे वचन पुढे झाले. वादीच्या बाजूने अॅटर्नी जनरल रायडर आणि सॉलिसिटर जनरल विल्यम मरे उभे होते. हाच मरे पुढे लॉर्ड मॅन्सफील्ड म्हणून कीर्तीस चढला. त्याच्या प्रतिपादनाचा रोख असा की, प्रत्येक नवा प्रसंग कायदेमंडळाला आधी दिसत नाही; म्हणून न्यायाच्या मूळ तत्त्वांतून नवे नियम घडवीत जाणे हेच सामान्य कायद्याचे सामर्थ्य आहे. न्यायाधीशांनी तो रोख मान्य केला. शपथ ही ख्रिस्ती धर्माने निर्माण केलेली वस्तू नव्हे, ती त्याच्या कितीतरी पूर्वीपासून नाना राष्ट्रांत चालत आली आहे. ज्यू लोक त्यांच्या पंचग्रंथावर शपथ घेतात आणि ती न्यायालये मानतात. शपथेचे सार ईश्वरास साक्षी ठेवण्यात आहे, विधी ज्याचा त्याने आपापल्या धर्माप्रमाणे करावा. असा एकंदर निर्णय झाला. विल्स यांनी तर कोकच्या मताची चांगलीच हजेरी घेतली.

यात व्यापाराचा हिशेब नव्हता, असे मात्र नाही. हिंदूंची साक्ष चालणार नसेल तर त्यांच्याशी देवघेव कशी करावयाची, हा मुद्दा उघडपणे मांडला गेला आणि न्यायाधीशांच्या मनातही तो होता. आम्हांस त्याचे वाईट वाटत नाही. पुष्कळ चांगले कायदे असेच मिश्र हेतूंतून जन्मास आलेले आहेत. वाईट वाटते ते पुढच्या गोष्टीचे. ज्या अमीचंदाच्या निमित्ताने हिंदूच्या शपथेवर विश्वास ठेवता येतो काय, याचा एवढा काथ्याकूट झाला, त्याच अमीचंदाला १७५७ मध्ये क्लाइव्हने तांबड्या कागदावरचा बनावट तह दाखवून फसविले, आणि त्यावर वॉटसनची सहीही दुसऱ्याकडून करवून घेतली. अमीचंद स्वतः काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. धमकावून पैसा काढण्याचाच त्याचा डाव होता. परंतु बायबलावर शपथ घेणाऱ्यांच्या शब्दाचे मोलही त्या तांबड्या कागदावर जगास दिसले.

निकालातील खरी गोम वेगळीच आहे, आणि या लेखाचे प्रयोजनही तेच. हिंदूसाठी दार उघडताना न्यायाधीशांनी उंबरठा मागे नेला, काढून टाकला नाही. विल्स यांनी स्पष्टच सांगितले की, जो ईश्वर मानीत नाही, किंवा ईश्वर इहलोकी वा परलोकी शासन वा पारितोषिक देईल असे मानीत नाही, त्याची साक्ष कोणत्याही परिस्थितीत घेता येणार नाही. म्हणजे हिंदू आत आला तो मनुष्य म्हणून नव्हे, तर आस्तिक म्हणून. आणि त्याच क्षणी नास्तिक बाहेर राहिला.

ही कसोटी आपल्या दर्शनांस लावून पाहिली तर मोठी गंमत होते. विल्स यांच्या मनातील आत्मा हा ख्रिस्ती आत्मा होता. ईश्वराने निर्माण केलेला, एकच जन्म घेणारा, आणि शेवटी न्यायासनापुढे उभा राहणारा. आपला आत्मा अज, नित्य. त्याला कोणी निर्माण केलेले नाही, आणि तो किती देह बदलील याला मोजदाद नाही. बरे, आपल्यातही सर्वांचे एकमत कोठे आहे? पूर्वमीमांसक वेदांचे कट्टर अभिमानी. परंतु जगाचा कर्ता आणि फलदाता ईश्वर त्यांना लागत नाही. कर्म केले की अपूर्व उत्पन्न होते आणि तेच यथाकाल फळ देते. निरीश्वर सांख्यांचीही हीच तऱ्हा. जैन कर्मफळ मानतात, जगत्कर्ता मानीत नाहीत. बौद्धांना नित्य आत्माच मान्य नाही. विल्स यांचे शब्द कोणी काटेकोर लावले असते तर यज्ञयागांत आयुष्य वेचणाऱ्या कुमारिल भट्टांनाही पिंजऱ्यातून खाली उतरावे लागले असते! सुदैवाने आयोगाने कलकत्त्यात एवढे खोल पाणी तपासले नाही. ब्राह्मणाच्या पायास हात लागला, काम झाले.

नास्तिकाविषयीचा हा अविश्वास न्यायाधीशांनी आपल्या पदरचा आणला नव्हता. जॉन लॉकसारखा सहिष्णुतेचा पुरस्कर्ता घ्या. १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रात त्याने नाना पंथांना मोकळीक मागितली. पण ईश्वर नाकारणाऱ्यांना ती देऊ नये म्हणून बजावले. कारण वचने, करार आणि शपथा ही समाजाची बंधने नास्तिकावर बसतच नाहीत, असे त्याचे म्हणणे. याच्या अगदी उलट बाजू १६८२ मध्ये मांडली ती फ्रान्समधून परागंदा होऊन रॉटरडॅमला राहिलेल्या प्येर बेल या प्रॉटेस्टंट पंडिताने. धूमकेतूच्या निमित्ताने लिहिलेल्या ग्रंथात तो म्हणतो की, माणसे जे मानतात तसे वागत नाहीत. ती स्वभावाने, सवयीने, लोकलज्जेने वागतात. म्हणून निव्वळ नास्तिकांचा समाजही नीट चालू शकेल. आमच्या मते या वादात लॉकपेक्षा बेल याला माणूस अधिक कळला होता. चाळीशी उलटलेल्या कोणत्याही वकिलास विचारा. गळ्यात माळ, कपाळी गंध, हात गीतेवर, आणि जबानी पहिल्या शब्दापासून शिकविलेली, असे साक्षीदार त्याने किती पाहिले असतील! परलोकाचे भय असते, यात शंका नाही. पण ते दूरचे. समोरच्या वाटणीचे आकर्षण जवळचे.

१८५९ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने हा दोष वर्मी बोट ठेवून दाखविला. हा मिल म्हणजे लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावरील कंपनीच्या कचेरीत पस्तीस वर्षे बसून हिंदुस्थानविषयक खलिते लिहिणारा गृहस्थ. स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधात त्याने १८५७ मधील ताजी उदाहरणे दिली. धार्मिक श्रद्धा नाही असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या दोघांना पंच म्हणून बसू दिले नाही. आणि एका परदेशी गृहस्थाची चोरीची फिर्याद एवढ्यासाठीच नाकारली गेली की, तो ईश्वर आणि परलोक मानतो असे म्हणेना. मिलचा युक्तिवाद असा : हा नियम खोटे बोलण्यास तयार असलेल्या नास्तिकास आत घेतो, कारण तो खुशाल शपथ घेतो, आणि लोकनिंदा पत्करूनही जो खोटे बोलत नाही, त्यालाच खोटारडा ठरवून बाहेर काढतो. आम्ही वकील आहोत. प्रतिपक्षाच्या युक्तिवादात भोक शोधणे हा आमचा धंदा. या युक्तिवादात आम्हांस ते सापडलेले नाही.

मिलच्या निबंधानंतर दहा वर्षांनी, १८६९ मध्ये, इंग्लंडात नास्तिकास न्यायालयात प्रतिज्ञेवर साक्ष देण्याचा हक्क मिळाला. त्यामागे ज्यांचे परिश्रम होते त्यांत चार्ल्स ब्रॅडलॉ हा प्रमुख. गरीब घरात १८३३ मध्ये जन्मलेला, काही काळ सैन्यात राहिलेला, वकिलांच्या कचेरीत कारकुनी करता करता कायदा शिकलेला, आवाज मोठा, देह धिप्पाड, आणि नास्तिकतेचा जाहीर प्रचारक. १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी त्याला पार्लमेंटात निवडून दिले, आणि जुना प्रश्न नव्या जागी उभा राहिला. सभासदत्वाची शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करू द्या, असे त्याने मागितले. समितीने नाही म्हटले. मग शपथच घेतो म्हणाला, तर विरोधक उठले : ज्याला शपथेतील शब्द निरर्थक वाटतात त्याची शपथ कसली? प्रतिज्ञा करावी तर कायदा नाही, शपथ घ्यावी तर श्रद्धा नाही!

पुढील सहा वर्षांची हकीकत नाटकासारखी आहे. १८८० च्या जून महिन्यात त्याला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडण्यात आले. नंतर स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिज्ञा करू दिली, तर न्यायालयाने ती अवैध ठरवून त्याची जागा काढून घेतली. ३ ऑगस्ट १८८१ रोजी आत शिरू पाहणाऱ्या ब्रॅडलॉला पोलिसांनी आणि शिपायांनी झटापट करून बाहेर काढले. अंगातील कोट फाटला. १८८२ मध्ये त्याने स्वतःच खिशातून बायबल काढून स्वतःला शपथ दिली, पुन्हा हकालपट्टी. प्रत्येक वेळी नॉर्दॅम्प्टनचे मतदार त्यालाच निवडून देत. १८८० ते १८८५ या काळात पाचदा. आणि हे मतदार काही सारे नास्तिक नव्हते. त्यांतील पुष्कळ चर्चमध्ये जाणारे चांभार आणि कारागीर होते.

या प्रकरणातील सर्वांत उदात्त भाषण एका अतिशय श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाने केले. पंतप्रधान ग्लॅडस्टन हे ब्रॅडलॉच्या मतांचा तिरस्कार करीत. तरीही २६ एप्रिल १८८३ रोजी प्रतिज्ञेच्या विधेयकावर बोलताना त्यांनी सभागृहास विचारले की, तुम्ही ज्यू आत घेतला तेव्हा ख्रिस्तावरील श्रद्धेची अट सोडली. आता म्हणता की ख्रिस्त नसला तरी चालेल, पण कसला तरी एक ईश्वर पाहिजे! म्हणजे ज्याला तुम्ही धर्माचे हृदय समजता ते वैकल्पिक, आणि एक पोकळ शब्द तेवढा आवश्यक? अशा ईश्वराचा, जो कोठे तरी दूर आहे आणि माणसाच्या सुखदुःखाशी ज्याला कर्तव्य नाही, उच्चार करून धर्माचे रक्षण होते काय? त्यांनी लुक्रेशियसच्या लॅटिन काव्याचा दाखला दिला, आणि सभागृह स्तब्ध झाले. विधेयक मात्र २८९ विरुद्ध २९२ मतांनी पडले. तीन मतांनी!

१८८५ मध्ये अपील न्यायालयाने तर निकालच दिला की ईश्वर न मानणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने शपथ घेऊच शकत नाही. पुढच्या जानेवारीत नव्या पार्लमेंटच्या अध्यक्षांनी, पील यांनी, कोणाचाही आक्षेप ऐकून न घेता ब्रॅडलॉला शपथ घेऊ दिली. सभासदाच्या अंतःकरणात डोकावणे हे सभागृहाचे काम नव्हे, असे त्यांचे धोरण. १८८८ मध्ये ब्रॅडलॉने स्वतः मांडलेला शपथांचा कायदा संमत झाला, आणि ज्याला श्रद्धेमुळे वा अश्रद्धेमुळे शपथ नको असेल त्याला सर्वत्र प्रतिज्ञा करण्याचा हक्क मिळाला. फॉक्स आणि ब्रॅडलॉ, एक ख्रिस्ताचे वचन शिरसावंद्य मानणारा आणि दुसरा ख्रिस्तच न मानणारा, दोघे अखेर एकाच कलमाच्या छत्राखाली आले.

या माणसाशी आपला प्रत्यक्ष संबंध आहे. पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू इतक्या सातत्याने मांडणारा त्या काळी दुसरा नव्हता. त्याला हिंदुस्थानचा सभासदच म्हणत. १८८९ च्या डिसेंबरात, भारी दुखण्यातून नुकता उठलेला असताही, तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास आला. त्या साली प्रतिनिधींची संख्याही योगायोगाने १८८९ च भरली. त्याच अधिवेशनास तरुण गोखलेही आले होते. मंडपात त्याला डोक्यावर घेणाऱ्यांत संध्या करणारे, नमाज पढणारे आणि अग्यारीत जाणारे असे सारे होते. तू देव मानतोस काय, असे तेथे कोणी विचारले नाही.

त्याच वेळी पुण्यात गोपाळ गणेश आगरकर ‘सुधारक’ चालवीत होते. आत्मा, परलोक आणि ईश्वर यांविषयी आगरकरांची मते ब्रॅडलॉच्या फारशी दूर नव्हती, आणि त्यापायी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. तथापि त्यांचे शत्रूसुद्धा त्यांचा शब्द खोटा म्हणत नसत. येथे कायद्याने केलेला एक चमत्कार सांगण्याजोगा आहे. इंग्रजी राज्याच्या आरंभी हिंदू साक्षीदारास गंगाजल आणि तुळस हाती देऊन शपथ देत. परंतु पुष्कळ प्रतिष्ठित माणसे, दावा बुडाला तरी बेहत्तर, पण गंगा उचलणार नाही, असे म्हणून घरी बसत. सत्य सांगण्यासाठीसुद्धा गंगेस पैजेवर लावणे त्यांस पाप वाटे. म्हणजे आपल्यातही क्वेकर होतेच. म्हणून १८४० च्या पाचव्या कायद्याने मुफस्सल न्यायालयांत गंगाजलाची आणि कुराणाची शपथ बंद करून तिच्या जागी प्रतिज्ञा आणली. १८७३ च्या कायद्यातही हिंदू आणि मुसलमान यांस प्रतिज्ञाच ठेवली. परिणाम असा की, ज्या हक्कासाठी ब्रॅडलॉने कोट फाडून घेतला, तो आगरकरांना केवळ हिंदू म्हणून आयताच मिळालेला होता. धर्मभीरूंच्या सोयीसाठी केलेल्या कलमाखाली नास्तिकही सुखाने उभा राहिला, आणि कोणाचे काही बिघडले नाही. त्याआधीच, १८७२ च्या पुरावा कायद्याने साक्षीदाराची लायकी प्रश्न समजणे आणि त्याचे समंजस उत्तर देता येणे एवढ्यावरच ठरविली होती. त्यात ईश्वराचा वा आत्म्याचा उल्लेख नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही कसोटी तीच आहे.

१८९१ च्या जानेवारीत ब्रॅडलॉ मृत्युशय्येवर होता. २७ तारखेस कॉमन्स सभेने, त्याला मज्जाव करणारा १८८० चा ठराव आपल्या दप्तरातून काढून टाकला. ही वार्ता समजण्याच्या स्थितीत तो उरला नव्हता. ३० तारखेस तो गेला. लंडनमधील जवळजवळ सारे हिंदी लोक त्याच्या दफनास गेले. त्यांत बॅरिस्टरीचा अभ्यास करणारा एकवीस वर्षांचा मोहनदास गांधीही होता. परतताना स्टेशनावर एका नास्तिकाने एका पाद्र्यास देवाच्या आकाराविषयी आणि ठिकाणाविषयी खोचक प्रश्न विचारून बेजार केले, ही आठवण गांधींनी आत्मकथेत सांगितली आहे. आणि त्या प्रसंगाने नास्तिकतेविषयीचा आपला दुराग्रह वाढलाच, असेही ते म्हणतात. तरीही ते त्या दफनास गेले होते. ब्रॅडलॉची जिवाभावाची सहकारी अॅनी बेझंट हिने तर त्याच्या हयातीतच, १८८९ मध्ये, थिऑसफीची दीक्षा घेतली. पुढे ती हिंदुस्थानात आली आणि पुनर्जन्म व आत्म्याचे अमरत्व यांवर काशीत व्याख्याने देऊ लागली.

१८७३ च्या कायद्यात आणखी एक कलम होते, त्याची आठवण जुन्या वकिलांच्या तोंडून आम्ही ऐकलेली आहे. प्रतिपक्षाने अमुक देवळात, अमुक देवापुढे शपथ घेऊन सांगितले तर ते मला कबूल, असे एखाद्या पक्षकाराने म्हटले आणि प्रतिपक्ष तयार झाला, तर न्यायालय त्यासाठी बाहेर आयुक्तही धाडू शके. आणि शपथेवर जे सांगितले जाई ते आव्हान देणाऱ्यावर निर्णायक पुरावा म्हणून बंधनकारक होई. कोकच्या कायद्यात ज्या देवांना जागा नव्हती त्यांच्या गाभाऱ्यासमोर इंग्रज सरकारच्या दाव्यांचे निकाल लागू शकत होते! १९६९ च्या शपथ कायद्यात ही निर्णायक शपथ उरली नाही. साक्षीदाराची इच्छा असल्यास, न्याय आणि सभ्यता यांस बाधा न आणणाऱ्या आपल्या समाजाच्या रीतीने शपथ घेण्याची परवानगी न्यायालय त्यास अद्याप देऊ शकते. ज्याला देवाचे नाव नको त्याला प्रतिज्ञा आहे. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतही मंत्र्यांपासून न्यायाधीशांपर्यंत सर्वांस हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी लिहून दिलेले आहेत. आणि त्याच १९६९ च्या कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे शपथ द्यावयाची राहून गेली, किंवा देताना काही चूक झाली, तरी तेवढ्यावरून साक्ष रद्द होत नाही. खरे सांगण्याचे बंधन आठव्या कलमाने तसेच राहते.